नळ आला, गटार राहून गेलं

वाढत्या शहराला पाणी कमी पडू लागलं की पहिली मागणी नव्या धरणाची होते. मुंबईच्या पाण्याचा इतिहास हा या मागणीचाच इतिहास आहे. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, मग वैतरणा, मग भातसा. दर पिढीला शहराचा हात आणखी लांबच्या डोंगरापर्यंत पोहोचला. आज मुंबईत रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून अधिक पाणी येतं, आणि तरीही बहुतेक वस्त्यांत नळ दिवसातून काही तासच वाहतो. छत्रपती संभाजीनगरची गत त्याहून वाईट. जायकवाडीसारखा अवाढव्य जलाशय हाकेच्या नाही तरी आवाक्यातल्या अंतरावर आहे, पण नळाला पाणी यायला कित्येक दिवस वाट पाहावी लागते. प्रश्न केवळ पाणी आणण्याचा असता तर तो एव्हाना सुटला असता. माझ्या मते झपाट्याने वाढणाऱ्या शहरांचं खरं दुखणं धरणापाशी नाहीच. ते जलकुंभापासून नळापर्यंत आणि मोरीपासून नदीपर्यंत पसरलेलं आहे. या दोन टप्प्यांची जबाबदारी एकत्र घेणारं कुणी बहुतेक शहरांत नसतं. धरणाचं भूमिपूजन होतं, फुटलेल्या सांध्याचं होत नाही, हेही त्यामागचं एक कारण आहेच.

ठरावीक वेळीच पाणी सोडणं ही काटकसर आहे, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, दोन तास पाणी धावतं, मग चावी बंद होते. रस्त्याखालची नळी हळूहळू रिकामी होते आणि तिच्यातला दाब नाहीसा होतो. ज्या सांध्यांतून मघापर्यंत पाणी बाहेर गळत होतं, त्याच सांध्यांतून आता बाहेरचं पाणी आत येतं. बाहेर असतं ते बहुतेक वेळा गटार, कारण अरुंद गल्लीत दोन्ही वाहिन्या एकमेकींना खेटून जातात आणि घरगुती जोडणीची नळी तर कैकदा गटार ओलांडूनच घरात शिरते. त्यात कुणी थेट लाइनला मोटर लावली की ती हे घाणपाणी आणखी जोराने ओढून घेते. नळ आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ पाणी सोडून द्यायचं, हे घरातल्या बायका कुणी न सांगता शिकलेल्या असतात. पुढच्या पाळीला ताजं पाणी आलं की पिंपातलं शिळं ओतून दिलं जातं. ज्यांना परवडतं ते जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी, मोटर आणि शुद्धीकरण यंत्र असा आपला खासगी पाणीपुरवठा विभाग उभारतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या घरी एक माणूस नळाच्या वेळेला बांधलेला असतो. शिवाय रिकाम्या नळीत पाण्याआधी हवा धावते आणि तिने मीटरही बिघडतात. म्हणजे या पद्धतीत पाणी वाचत नाही, स्वच्छ राहत नाही आणि मोजताही येत नाही.

मोजण्यापासून सुरुवात केली तर काय घडू शकतं याचा सर्वांत ठोस पुरावा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये आहे. १९७५ मध्ये सत्तेवर आलेल्या ख्मेर रूज राजवटीने हे शहर सक्तीने रिकामं केलं होतं. पुढे लोक परतले तेव्हा नकाशे हरवलेले होते आणि जाणते अभियंते मारले गेले होते. त्या राजवटीतून वाचलेले अभियंता एक् सोन चान यांच्याकडे १९९३ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाची सूत्रं आली, तेव्हा शुद्ध केलेल्या शंभर लिटर पाण्यातल्या ७२ लिटरचा पैसा येत नव्हता. पाणी दिवसाला सुमारे दहा तास, तेही शहराच्या पाव भागाला. खुद्द कर्मचारीच बेकायदा जोडण्या विकत होते. चान यांनी नवा स्रोत शोधण्याआधी घरोघरी जाऊन ग्राहकांची यादी नव्याने केली, प्रत्येक जोडणीला मीटर लावला, गळती शोधायला रात्रपाळीची पथकं नेमली, चोरीत सापडलेल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं आणि चांगलं काम करणाऱ्यांचे पगार वाढवले. बडी मंडळी फुकट पाणी वापरत होती. एका सेनाधिकाऱ्याच्या घरी मीटर लावायला गेले असता चान यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं गेलं. ते निघून गेले, पण लष्करी पोलीस आणि पत्रकार यांना घेऊन परतले आणि जोडणी तोडली. १९९६ मध्ये प्राधिकरणाला स्वायत्तता मिळाली. २००४ च्या सुमारास शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं आणि २००८ पर्यंत हिशेबाबाहेरचं पाणी सहा टक्क्यांवर आलं. हा आकडा लंडनपेक्षाही कितीतरी चांगला होता. चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की तिथे एकाधिकारशाही होती आणि जपान, फ्रान्स, जागतिक बँक यांचा पैसा होता. दोन्ही खरं आहे. पण परकीय पैसा आणि हुकूमशाही ज्या ज्या देशात एकत्र नांदली तिथे तिथे नळ चोवीस तास वाहू लागले असते, तर जगाचा नकाशा वेगळा दिसला असता. त्याच कंबोडियात इतर सरकारी खाती होती तशीच राहिली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मीटर लावले तर गरिबांनी काय करायचं? नॉम पेन्हमध्ये गरिबांना जोडणीच्या खर्चात ऐपतीप्रमाणे तीस टक्क्यांपासून पूर्ण शंभर टक्क्यांपर्यंत सूट मिळाली, उरलेली रक्कम हप्त्यांनी घेतली गेली. त्याआधी हेच लोक विक्रेत्यांकडून नळाच्या कितीतरी पट दराने पाणी घेत होते. पाणी फुकट असल्याचा फायदा ज्याच्या दारात नळ आहे त्यालाच होतो. ज्याच्या दारात नाही तो टँकरवाल्याला रोख मोजतो. मुंबईत तर २००० नंतरच्या झोपड्यांना नळच नाकारला जात होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. तिसरा आक्षेप, हे सगळं खासगीकरणाच्या वाटेने जातं. बोलिव्हियातल्या कोचाबाम्बा शहरात २००० मध्ये खासगी कंपनीच्या दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला करार मोडावा लागला, हे विसरता येत नाही. मात्र नॉम पेन्हची संस्था सरकारीच होती. मालक कोण, यापेक्षा त्याला जाब कोण विचारतं हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

इथवर ही कहाणी सरळ आहे. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र पुरस्काराच्या भाषणांत येत नाही. चान यांच्या प्राधिकरणाकडे फक्त नळ होता, गटार दुसऱ्यांकडे. पाणी वाढलं तसं सांडपाणी वाढलं, आणि ते वर्षानुवर्षं प्रक्रियेविना दक्षिणेकडच्या पाणथळ तलावांत जात राहिलं. तिथे शेतकरी त्याच पाण्यावर नाळीची भाजी पिकवत आणि तिची मुळं पाणी थोडंफार गाळतही असत. पुढे वाळूचे ढीग टाकून त्या तलावांवर इमले उभे राहू लागले. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होतं, हा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे नळाची प्रत्येक योजना ही गटाराचीही योजना असते, कुणी ती आखो वा न आखो.

हे आपल्या जवळही दिसलं. हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं; बेळगावातही असाच प्रयोग झाला. संशोधकांनी चोवीस तासांचे आणि पाळीचे प्रभाग यांची तुलना केली. चोवीस तासांच्या नळाचं पाणी स्पष्टपणे स्वच्छ निघालं. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय घट आढळली नाही. घट दिसली ती गरीब घरांतल्या रक्ती जुलाबात. काहींनी यातून चोवीस तासांचं खूळ सोडा असा निष्कर्ष काढला. मला तो उलटा वाटतो. उघडं गटार दारापुढे असेल तर मूल आजारी पडायला नळाचीच गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२ हजार दशलक्ष लिटरहून अधिक सांडपाणी निर्माण होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया जेमतेम २० हजारांवर होते.

गटाराला पैसा नाही, हे उत्तर ठरलेलं असतं. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं तेव्हा हेच उत्तर मिळत होतं. त्यांनी कामाची वाटणी केली: घरातला संडास, गल्लीतलं गटार आणि वस्तीची जोडवाहिनी लोकांनी बांधायची, मुख्य वाहिनी आणि प्रक्रिया केंद्र सरकारने. वीस-तीस घरांची गल्ली हे एकक. गल्लीने वर्गणी काढायची, प्रमुख निवडायचा आणि नकाशा व तांत्रिक सल्ला घेऊन काम करायचं. कंत्राटदार वगळल्याने खर्च सरकारी अंदाजाच्या लहानशा हिश्श्यात बसला आणि हजारो गल्ल्यांत गटारं झाली. पण सरकारच्या वाट्याचं काम मागे राहिलं, गल्ल्यांचं पाणी नाल्यांत गेलं आणि नाल्यांतून समुद्रात. लोकसहभागाचं कौतुक करताना ही बाजू सोडून दिली जाते. ओरंगीतल्या याच कामात पुढे नाल्यांचे आणि चोरट्या टँकरभरणीचे नकाशे करणाऱ्या परवीन रहमान यांची १३ मार्च २०१३ रोजी हत्या झाली. शहराचं पाणी नेमकं कुठून कुठे जातं हे कागदावर आणणं किती लोकांना नको असतं, ते यावरून कळावं.

सगळीकडे भूमिगत गटार लगेच होणार नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईत बहुतेक घरं सेप्टिक टँकवर आहेत. टाकी भरून उतू गेली की गाडी बोलवायची, ही आपल्याकडची रीत. वाई नगरपालिकेने २०१८ पासून ती बदलली. प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसायची, वेगळे पैसे न घेता स्वच्छता करातून खर्च भागवायचा आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही ती वाट धरली. टाकी उपसायला तयार नसणारे मालक, अरुंद बोळ, झाकणावर घातलेली फरशी अशा अडचणी यात असतातच, पण त्या यादी करून सोडवता येण्याजोग्या आहेत.

छोट्या गावात जमलं म्हणून महानगरात जमेल का, हा शेवटचा आक्षेप. पण महानगराची वाढ होते ती कडेला, आणि कडेला असतात ती गावंच. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. इमारती आधी उठल्या, महापालिका नंतर पोहोचली, आणि गटार अजून येतंय. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढत गेले. रुग्णांच्या तपासणीत नोरोव्हायरस आणि कॅम्पिलोबॅक्टर सापडले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, त्यामुळे प्रभागात जाब विचारावा असं निवडून आलेलं कुणी नव्हतं. या गावांपैकी कित्येक एखाद्या लहान नगरपालिकेएवढी आहेत. तिथे मोठी जलवाहिनी आणि मलनिस्सारण प्रकल्प पूर्ण होईपर्यंत थांबायची गरज नाही. कोणती सोसायटी कुठल्या विहिरीचं किंवा टँकरचं पाणी घेते आणि तिचा मैला कुठे जातो याची यादी, टाक्या उपसण्याचं वेळापत्रक आणि दर आठवड्याच्या पाणीतपासणीचा निकाल क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर: एवढं चालू अंदाजपत्रकातही बसतं.