कुपोषणाची नोंद जनुकांवर

नंदुरबार जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांतून येते ते बहुधा कुपोषणाच्या संदर्भात. सातपुड्याच्या रांगांतील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांत कमी वजनाची बालके जन्माला येतात, ही बातमी शहरी वाचकाला नवी नाही. हृदयविकार म्हटला की मात्र त्याच्या डोळ्यांपुढे येतो तो शहरातला, बैठे काम करणारा सुखवस्तू माणूस. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९८९ मध्ये ब्रिटिश संशोधक डॉ. डेव्हिड बार्कर यांनी हा संबंध पुढे आणला. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पुरुषांच्या वजनाच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. जन्मतः आणि पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले.

जनुकांचे कुलूप

गर्भातील उपासमार पन्नास वर्षांनी हृदयाला कशी भोवते? शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. तरीही हृदयाची पेशी आकुंचन पावते आणि यकृताची पेशी पित्त तयार करते. कोणते जनुक चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे ठरवणारी यंत्रणा वेगळी असते. डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटला की बहुधा ते जनुक बंद होते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांची पकड घट्ट वा सैल होण्यानेही असाच परिणाम घडतो. जनुकाची अक्षरे न बदलता त्याचे वाचन बदलणाऱ्या या प्रक्रियांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

धमनीचेच उदाहरण घेता येईल. तिचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून तिला सैल ठेवते. त्यासाठी लागणाऱ्या विकराचे जनुक अस्तराच्या पेशींत चालू असते. इतर अनेक पेशींत त्यावर मिथाइलचे कुलूप असते. हे मिथाइल गट पुरवण्याच्या कामी आहारातील फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व लागते. म्हणूनच मातेच्या ताटाला इतके महत्त्व आहे.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावर मिथाइलचे प्रमाण सहा दशकांनंतरही कमी असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुण्याजवळची सहा गावे

महाराष्ट्रात हा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांत केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ दिसायला हडकुळे, पण त्याची घडण मात्र मधुमेहाला अनुकूल! गरोदरपणी ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल अधिक होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. मधुमेह आणि हृदयविकार या दोहोंकडे जाणारी वाट येथूनच सुरू होते.

अर्थात, पुण्याचे निष्कर्ष नंदुरबारला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आहार वेगळा, समाज वेगळा. मिथाइलमधील बदल हे रोगाचे कारण की केवळ खूण, हेही प्रत्येक वेळी सिद्ध झालेले नाही. पण २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ७० टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अर्धपोटी गर्भात वाढलेले मूल पुढे शहरात आले आणि तेलकट खाणे, तंबाखू व बैठे काम त्याच्या वाट्याला आले, तर धोका दुणावतो.

राज्य शासनाने २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यातील एका चौरस जेवणाचा हिशेब आपण बाळाच्या वजनाच्या काट्यावर करतो. त्या बाळाच्या पन्नाशीतील हृदयाचाही हिशेब त्यात धरला, तर हा खर्च उपकाराचा न वाटता बचतीचा वाटेल. आणि त्याची सुरुवात गरोदरपणाच्याही आधी, किशोरवयीन मुलीच्या ताटापासून व्हायला हवी.