ओडीबीसी डेटा सोर्स ॲडमिनिस्ट्रेटर
ओडीबीसी डेटा सोर्स ॲडमिनिस्ट्रेटर हे विंडोज या संचालन प्रणालीतील सचित्र साधन असून, एक्सेलसारखे उपयोजन आणि विदागार यांची जोडणी त्यातून आज्ञावली न लिहिता करता येते. ओडीबीसी हे मानक मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये प्रसिद्ध केले.

ड्रायव्हर, सर्व्हर, विदागार इत्यादी तपशील एका नावाखाली साठवला जातो. त्यास डीएसएन म्हणतात. उपयोजनास एवढे नाव ठाऊक असले की पुरते. युजर डीएसएन ते तयार करणाऱ्या वापरकर्त्यापुरतेच असते. सिस्टम डीएसएन त्या संगणकावरील सर्वांना, तसेच पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांनाही उपलब्ध असते. फाइल डीएसएन स्वतंत्र फाइलीत राहते.

६४-बिट विंडोजमध्ये या साधनाच्या दोन आवृत्त्या असतात आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. दोन्ही फाइलींचे नाव ओडीबीसीएडी३२ हेच. मात्र ६४-बिट आवृत्ती सिस्टम३२ या फोल्डरमध्ये, तर ३२-बिट आवृत्ती सिसवाऊ६४ मध्ये! नावावर विसंबणारा हमखास फसतो. ३२-बिट उपयोजनास ६४-बिट ड्रायव्हर वापरता येत नाही; त्यामुळे साधनातील चाचणीत यशस्वी ठरलेली जोडणीही प्रत्यक्ष उपयोजनातून होत नाही. अशा वेळी सर्व्हरला दोष देण्यापूर्वी उपयोजन किती बिटांचे आहे, ते पाहावे लागते.