खरी गोळी आणि छर्ऱ्याचं पिस्तूल

2014 साली कॅनडातल्या लेथब्रिज शहरात एकाने शिकारीच्या रायफलीने एका घरावर गोळ्या झाडल्या. आत माणसं होती. कायद्यात अशा गुन्ह्याला किमान चार वर्षांची कैद ठरलेली होती, तरी शिक्षा झाली साडेतीन वर्षांची. अपील न्यायालयाने ती चारवर नेली, पण जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा साडेतीनच कायम केली आणि किमान शिक्षेचं कलमच घटनाबाह्य ठरवलं.

लोक संतापले तर नवल नाही. पण न्यायालयाचा युक्तिवाद या आरोपीपुरता नव्हता. तिथे कायदा तपासताना समोरच्या माणसापलीकडे, त्याच कलमात सापडू शकेल असा दुसराही कोणी कल्पून पाहतात. उदाहरणार्थ, छर्ऱ्याच्या पिस्तुलाने घराच्या भिंतीवर नेम धरणारा पोरगा. भिंतीला भोकही पडणार नाही, तरी त्यालाही चार वर्षं? कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या बाराव्या कलमात क्रूर शिक्षेला मनाई आहे, आणि इथे तेच लागू पडलं. मला विचाराल, तर दोष ‘बंदूक’ या शब्दात रायफल आणि छर्ऱ्याचं पिस्तूल एकत्र कोंबणाऱ्या मसुद्याचा होता. संसदेने मात्र ही किमान मर्यादा निकालाआधीच, 2022 मध्ये, काढून टाकली होती.