एका ताऱ्याने उजळलेला मेघ

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पूर्वेला मृग नक्षत्राची चौकट वर आली, की मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे कुणालाही ओळखता येतात. त्यांच्या किंचित दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका निरखून पाहा. तो धुरकट दिसतो. हा नुसता तारा नव्हे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा प्रचंड मेघ आहे.

या मेघात मुख्यतः हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचा संसार अगदी सुटसुटीत: एक प्रोटॉन आणि त्याला धरून राहिलेला एक इलेक्ट्रॉन. असा थंड वायू डोळ्यांना दिसत नाही. मग हा मेघ उजळला कसा?

मेघाच्या मधोमध चार तरुण, तेजस्वी ताऱ्यांचा पुंजका आहे. त्यांतल्या सर्वांत प्रखर ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान आहे सुमारे ३९,००० अंश, म्हणजे सूर्याच्या सहापटींहून अधिक! त्याचे अतिनील किरण अणूवर आदळले, की इलेक्ट्रॉन सुटून जातो. यालाच आयनीभवन म्हणतात. पुढे हा इलेक्ट्रॉन एखाद्या प्रोटॉनच्या तावडीत सापडतो आणि ऊर्जेच्या पायऱ्या उतरत स्थिरावतो. त्या उतरणीत प्रकाश बाहेर पडतो. छायाचित्रांतला मेघाचा लाल रंग मुख्यतः त्याचाच. पुन्हा किरण, पुन्हा ताटातूट, पुन्हा भेट.

हा खेळ कुठवर चालतो? डॅनिश खगोलशास्त्रज्ञ बेंग्ट स्ट्रमग्रेन यांनी १९३९ मध्ये त्याचे गणित मांडले. पुन्हा जुळणारे अणू फोडता फोडता ताऱ्याचे हे किरण जिथे संपतात, तिथे उजेडाची हद्द संपते. पलीकडचा हायड्रोजन अभंग राहतो.

पण या रोषणाईला दुसरी बाजूही आहे. याच मेघात नवे तारे जन्म घेत आहेत. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीने त्यांच्याभोवती वायू आणि धुळीच्या चकत्या टिपल्या. अशाच चकत्यांतून ग्रह घडतात. मात्र प्रखर ताऱ्याजवळच्या चकत्यांचा वायू तापून उडून जातो आणि त्यांना धूमकेतूसारखी शेपटी फुटते. ग्रह घडण्याआधीच साहित्य संपले, तर?

आपला सूर्यही अशाच ताऱ्यांच्या गर्दीत जन्मला असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. तसे असेल, तर त्याची चकती त्या भट्टीतून वाचली म्हणूनच पृथ्वी घडली, आणि मृगाकडे पाहायला आपण आहोत.