डर्बी येथील रेल्वे-कामगारांची घरे : वारसामूल्याचा विचार

स्थापत्येतिहासात राजवाडे व देवालये यांना जे स्थान मिळते, ते श्रमजीवी वर्गाच्या निवासांस क्वचितच लाभते. या दृष्टीने इंग्लंडमधील डर्बी येथे रेल्वे-स्थानकानजीक असलेली विटांची घरे अभ्यसनीय होत. नॉर्थ मिडलंड रेल्वे कंपनीने १८४१-४२ च्या सुमारास आपल्या नोकरांसाठी ती बांधविली. त्यांचे वास्तुकार फ्रान्सिस टॉम्सन हे होत.

या घरांचे मूल्य कशात आहे? एकेक घर सुटे पाहिल्यास ते सामान्यच वाटेल. परंतु त्रिकोणी भूखंडावरील ओळी, त्यांमधील गल्ल्या आणि कोपऱ्यावरील पानगृह ही सर्व मिळून एक दस्तऐवज सिद्ध होतो. इंग्लंडमध्ये १७८४ पासून १८५० पर्यंत विटांवर कर होता. तो सोसूनही कंपनीने ही वसती उभारली. कारण घड्याळाशी बांधलेल्या नव्या उद्योगास कामगार हाकेच्या अंतरावर हवा होता. मालकाची सोय व कामगाराचा निवारा यांचा हा संबंध कागदपत्रांपेक्षाही या रचनेत स्पष्ट दिसतो.

१९७० नंतरच्या दशकात ही घरे पाडण्याचा प्रसंग आला. तेव्हा डर्बीशायरच्या ऐतिहासिक वास्तु-न्यासाने ती घेऊन दुरुस्त केली व पुन्हा निवासासाठी विकली. या उपायाने अंतर्भागात आधुनिक सोयी आल्या आणि मूळ पुराव्याचा काही अंश लोपला, हे खरे. तथापि रिकामी घरे टिकली नसती. म्हणून अशा ठिकाणी संरक्षणाचा एकक घर नसून ओळ मानणे युक्त होय.