बोरीबंदर ते तळेगाव, 1971

वर्ष एकच, 1971. देश तीन: भारत, पाकिस्तान, बांगलादेश. आणि आकडे? बसा, मोजू या!

माप आपलं, मुंबईचं. बारा डब्यांची लोकल, ऐन गर्दीतली: माणसं 5,000, लांबी 250 मीटर. धरून चला.

आधी भारताची नोंद. पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, 1 डिसेंबरपर्यंत आलेले निर्वासित 98,99,305. वरचे पाचसुद्धा सोडले नाहीत! छावण्या 825. एकट्या त्रिपुरात 14,16,491, आणि त्या राज्याची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा लाख. घरच्यांइतकेच पाहुणे म्हणा ना! खर्चापायी देशभरच्या पत्रांच्या पाकिटांवर 5 पैशांचं जादा तिकीट आलं. लोकल किती लागतील? 1,980! एकीमागे एक उभ्या करा. बोरीबंदर ते पुणे, परत बोरीबंदर, पुन्हा पुण्याकडे निघून कर्जत मागे पडलं तरी शेपूट पुढेच.

ही जगलेली माणसं. आता तिथे पाकिस्तानी लष्कराच्या कारवाईत मेलेली.

पाकिस्तानच्या हमूदुर रहमान चौकशी आयोगाने लष्करी अहवालांवर विसंबून आकडा धरला सुमारे 26,000. पाच लोकल, वर हजारभर माणसं. रांग बोरीबंदरला सुरू होते, मस्जिद स्टेशनाशी संपते.

बांगलादेश सांगतो 30 लाख. सहाशे लोकल! मस्जिद गेलं, दादर गेलं, ठाणं, कल्याण, कर्जत गेलं, घाट चढून लोणावळाही गेलं. रांग तळेगावच्या तोंडाशी! 26 मार्च ते 16 डिसेंबर, दिवस 266. एका हिशेबाने रोज 98 जीव, दुसऱ्या हिशेबाने रोज 11,278. मिनिटाला जवळजवळ आठ!

अनेक संशोधक 3 ते 5 लाख म्हणतात, म्हणजे रांगेचं टोक कुर्ला आणि कांजूरमार्गच्या मधे कुठेतरी. तीसुद्धा माझ्याच्याने डोळ्यांपुढे आणवत नाही.

आणि आपल्या तोंडी कोणता आकडा? 13 दिवसांचं भारत-पाक युद्ध, 93,000 पाकिस्तानी युद्धकैदी. उण्यापुऱ्या एकोणीस लोकल! अभिमानाने सांगतो, मीही सांगतो. पण त्या 1,980 गाड्या कितीजणांना आठवतात?

बरं, मेलेल्यांच्या आकड्यांना हात लावायची सोय नव्हती. पाकिस्तानने आयोगाचा अहवाल 2000 सालापर्यंत कुलपात ठेवला. आणि 30 लाखांवर शंका घेतली म्हणून ढाक्याच्या न्यायाधिकरणाने 2014 साली ब्रिटिश पत्रकार डेव्हिड बर्गमन यांना 5,000 टका दंड ठोठावला.