वाऱ्यातला वाटा

जून 1981. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या लिस्तुगुज (तेव्हाचं रेस्टिगूश) या मिगमॉ आदिवासींच्या गावावर शेकडो पोलिसांनी छापे घातले. निमित्त होतं सामन माशाचं. जाळी नदीतून काढा, हे सरकारचं फर्मान. नदीवरचा हक्क आमचा, हे गावाचं उत्तर. जाळी जप्त झाली, माणसं अटकेत गेली. अलानिस ओबोमसाविन यांनी या प्रकरणावर केलेला माहितीपट 1984 साली आला.

डिसेंबर 2016 मध्ये त्याच भागातल्या गॅस्पे द्वीपकल्पावर मेसगिग उगजूसन हा 150 मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाला. पवनचक्क्या 47. वीज विकत घेणारी हायड्रो-क्वेबेक ही प्रांत सरकारचीच कंपनी. निम्मी मालकी इनर्जेक्स या वीजकंपनीची, तर उरलेली निम्मी लिस्तुगुज, गेसगापेगियाग आणि गेस्पेग या तीन मिगमॉ समूहांची.

एरवी पवनचक्कीसाठी जमीन दिली की भाडं मिळतं, फार तर दोन-चार नोकऱ्या. भाडं सहसा ठरलेलं असतं. नफा वाढला म्हणून ते वाढत नाही आणि भाडं घेणाऱ्याला संचालक मंडळात कोणी बसवत नाही. समभाग असले की नफा, मत आणि तोटा तिन्ही वाट्याला येतात. मात्र समभागाला भांडवल लागतं, आणि खरी मेख तिथेच आहे.

समजा, प्रकल्पाचा खर्च 100 रुपये. वीस वर्षांचा वीजखरेदी करार हातात असेल, तर 75 रुपयांच्या आसपास कर्ज उभं राहतं. उरलेले 25 मालकांनी घालायचे. निम्मी मालकी हवी असेल, तर साडेबारा. ते आणायचे कुठून? कॅनडात आदिवासींच्या राखीव जमिनीची कायदेशीर मालकी सरकारकडे असते. त्यातच 1876 पासून चालत आलेल्या ‘इंडियन अॅक्ट’चं आजचं 89 वं कलम सांगतं, की राखीव क्षेत्रातली आदिवासींची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येणार नाही. जमीन लुबाडली जाऊ नये म्हणून केलेली ही तरतूद. पण जप्त करता येत नाही ते बँक तारण धरत नाही. जमीन वाचली आणि कर्जाची वाट बंद झाली.

ती वाट सरकारी हमीने उघडली. ऑन्टारिओ प्रांताने 2009 मध्ये आदिवासी संस्थांसाठी कर्जहमी योजना आणली. प्रकल्पात घालायच्या भांडवलाच्या 75 टक्क्यांपर्यंतच्या कर्जाला प्रांत जामीन राहू लागला. केंद्र सरकारने 2024 च्या अर्थसंकल्पात 5 अब्ज डॉलरची हमी योजना जाहीर केली आणि 2025 मध्ये ती मर्यादा 10 अब्जांवर नेली. हे अनुदान नव्हे. कर्ज फेडायचंच असतं. विजेच्या उत्पन्नातून आधी देखभाल-दुरुस्ती भागते, मग बँकांचा हप्ता जातो, उरेल ते समभागधारकांचं. त्यातूनही सुरुवातीची वर्षं भांडवलासाठी काढलेलं कर्ज फेडण्यात जातात. वारा कमी पडला, तर त्या वर्षी हाती फारसं काही लागत नाही.

तरीही हे प्रकल्प वाढत गेले. ऑन्टारिओतल्या मॅनिटूलिन बेटावरच्या मचिगींग समूहाने 2012 मध्ये अवघ्या दोन पवनचक्क्या उभारल्या, 4 मेगावॉटच्या, पण संपूर्ण स्वतःच्या. जॉर्जियन बे किनाऱ्यावरच्या हेन्वी इन्लेट समूहाची 2019 मध्ये सुरू झालेल्या 300 मेगावॉटच्या प्रकल्पात निम्मी भागीदारी आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बीसी हायड्रो या सरकारी वीजकंपनीने 2024 च्या निविदेत आदिवासी समूहांचा किमान 25 टक्के हिस्सा सक्तीचा केला. निवडलेल्या दहा प्रकल्पांपैकी नऊ पवनऊर्जेचे होते आणि त्यांतला आदिवासींचा हिस्सा 49 ते 51 टक्के निघाला. अट होती पावाची, वाटा मिळाला निम्मा.

पण हिस्सा म्हणजे संमती नव्हे. नॉर्वेतल्या फोसेनमध्ये 151 पवनचक्क्या सामी आदिवासींच्या रेनडिअरच्या हिवाळी कुरणांवर उभ्या राहिल्या. 11 ऑक्टोबर 2021 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे परवाने अवैध ठरवले. चक्क्या फिरतच राहिल्या. अखेर डिसेंबर 2023 आणि मार्च 2024 मध्ये तडजोडी झाल्या. आधी उभारायचं आणि मग संमती विचारायची, हा क्रम ‘हरित’ प्रकल्पालाही माफ नसतो.

भारतात हा विचार खाणींच्या निमित्ताने येऊन गेला. 2010 च्या खाण विधेयकाच्या मसुद्यात बाधितांना कंपनीचे 26 टक्के समभाग देण्याची कल्पना होती. 2011 च्या विधेयकात समभाग गेले. कोळशासाठी नफ्याचे 26 टक्के आणि इतर खनिजांसाठी रॉयल्टीइतकी रक्कम, एवढंच उरलं. ते विधेयकही बारगळलं. 2015 मध्ये आली ती जिल्हा खनिज प्रतिष्ठानं: निधी आहे, पण मालकी नाही.

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 4(4) नुसार मिळालेली जमीन वारसाहक्काने जाते. विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोही याच कायद्याखाली. म्हणजे कॅनडातला पेच आपल्याकडेही तसाच आहे. तिथे जमिनीचं संरक्षण काढून न घेता शेजारी सरकारची हमी उभी केली. आपल्या ग्रामसभांना उद्या कोणी वाऱ्याचा किंवा उन्हाचा प्रकल्प सुचवला, तर भाड्याच्या आकड्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: समभाग किती, आणि त्यासाठीच्या कर्जाला जामीन कोण?